पाचूवालीचं मरण

काकूंना आजवर किती वेळा मरण आलं, ते खुद्द काकूंनाही सांगता यायचं नाही. गोळी लागून मेल्या, कड्यावरून ढकलून दिल्यामुळे मेल्या, जळत्या बंगल्यात मेल्या, आणि एकदा तर चक्क मगरीनं ओढून नेल्या. दर वेळी मरून झालं की त्या मानेवरचा घाम पुसायच्या, कापडी पिशवी उचलायच्या आणि घरी जाताना कोपऱ्यावर थांबून भेंडी कोवळी आहे का ते मोडून बघायच्या.

घाबरू नका, ही भुताची गोष्ट नाही. काकू परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देतात. पडद्यावर ओठ हलतात तिकडच्या नटीचे आणि शब्द निघतात काकूंच्या गळ्यातून. त्यातही काकूंच्या वाट्याला आल्या त्या सगळ्या एकाच माळेचे मणी. जिन्यावरून सावकाश उतरणाऱ्या, सिगारेट स्वतःची पण काडी दुसऱ्याकडे मागणाऱ्या, भल्या घरच्या पुरुषांना नादी लावून त्यांचं वाटोळं करणाऱ्या. सोशिक बायको, आजारी आई, देवभोळी बहीण असलं काही काकूंना कुणी कधी दिलं नाही. द्यायला आवाज नको का तसा!

काकूंचा आवाज जन्मापासून घोगरा. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसतं तोंड हलव." घरी पाहुणे आले की आई म्हणायची, "तू आत बस गं, तुझं बोलणं ऐकून लोकांना वाटतं घरात कुणाला तरी न्यूमोनिया झालाय." त्यामुळे काकू लहानपणापासून कमी बोलायला शिकल्या. लग्न झालं, लेक झाली, आणि घराला हातभार म्हणून त्या एका कचेरीत टेलिफोनवर बसायला लागल्या. तिथं मात्र बोलल्यावाचून सुटका नव्हती.

"साहेब आता जागेवर नाहीत," एवढंच त्या म्हणायच्या. पण त्यांनी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, साहेबांना कुणीतरी पोत्यात घालून समुद्रात सोडलंय आणि या बाईला सगळं ठाऊक आहे. एक दिवस पलीकडे आवाजाच्या स्टुडिओचा मालक होता. तो आपलं काम विसरला आणि म्हणाला, "बाई, साहेब नाहीत हे जरा परत सांगता का?" काकूंनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी गडी स्वतः हजर. हात जोडून म्हणाला, गैरसमज नको, मला एक विषप्रयोग करणारी बाई हवी आहे. काकूंची सुरुवात झाली ती अशी.

तुम्ही काकूंना रस्त्यात पाहिलंत तर वळूनही बघणार नाही. बुटक्या, अंगानं गोल, जाड भिंगांचा चष्मा, गुडघेदुखीमुळे पायात मऊ चपला. स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानामागचं एक गोदाम, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. माइक चालू झाला की एसी बंद, कारण त्याची घरघर येते. बांगड्या काढून ठेवायच्या, खळ केलेली साडी नेसायची नाही, आणि पोट गुरगुरू नये म्हणून आधी एक केळं खायचं. मग काकू गळ्याभोवती स्वयंपाकघरातला नॅपकिन गुंडाळून, घामानं निथळत, अब्जाधीशांना भुलवायच्या. काचेपलीकडे बसायचे रेकॉर्डिंग करणारे बटणराव. नाव अर्थातच वेगळं होतं, पण सतत बटणांवर बोटं, म्हणून बटणराव. ते म्हणायचे, "काकू, मी डोळे मिटून ऐकतो. उघडले की तुमचा नॅपकिन दिसतो आणि सगळं मुसळ केरात."

आता जराशी गंमत ऐका, म्हणजे गंमत म्हणायची तर. घर मोडणाऱ्या बायकांना आवाज देणाऱ्या काकूंचं स्वतःचं घर मोडलं. आणि ते मोडलं कुणी? कुणी जिन्यावरून उतरणारीनं नाही हो. मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई, मान सदा खाली, आवाज साखरेचा, कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी डोळ्यांत पाणी. पडद्यावर असती तर नायिका झाली असती बिचारी. काकूंचा नवरा तिच्याकडे गेला तो गेलाच. घरात राहिल्या काकू, त्यांची लेक आणि सासूबाई.

तेव्हापासून काकूंचं घर चालवलं ते या बदनाम बायांनीच. हे काकू उघड सांगायच्या, अगदी अभिमानानं. "आईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू एका हेर नर्तकीनं काढून दिला, उजव्याचा एका खुनी विधवेनं. लेकीची शाळा पार पडली ती एका जुगारवालीमुळे. तिच्या नर्सिंगचा सगळा खर्च बंदरावरच्या पाचूवालीनं केला. यांना मी नावं ठेवू? जीभ झडेल माझी." काम संपलं की पडद्यावर थिजलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून काकू म्हणायच्या, "येते हं." बटणरावांना आधी हसू यायचं. पुढे पुढे ते त्या बाईचा चेहरा नीट समोरून दिसेल अशा जागी चित्र थांबवायला लागले.

या बायांबद्दल काकूंची मतं पक्की होती, आणि चहाच्या वेळी ती ऐकणं भाग असायचं. "मला सांगा बटणराव, यांच्यातल्या एकीनं तरी कुणाच्या खिशात हात घातला का? सगळ्यांनी आपापल्या हातानं काढून दिलं. घड्याळ दिलं, घर दिलं, तिजोरीची किल्ली दिली. बुडाले की मग, हिनं बुडवलं! चोर सोडून संन्याशाला फाशी." मग त्यांची गाडी विषकन्येवर यायची. "राजा एका पोरीला लहानपणापासून थेंब थेंब विष पाजतो, आणि शत्रूच्या महालात पाठवतो. पाजणारा राजा मुत्सद्दी, आणि विषारी कोण, तर ती पोर! शेवटाला मरायचंही तिनंच. लिहिणाऱ्यांना विचारा एकदा, हिला म्हातारी होऊ दिली असती तर शाई संपली असती का तुमची?" बटणराव म्हणायचे, "काकू, चहा निवला."

पाचूवाली ही काकूंची सगळ्यात जुनी बाई. बंदरावर हॉटेल चालवणारी, बोटात पाचूची भली मोठी अंगठी, डोळेही तसेच. वर्षानुवर्षं ही मालिका चालली. एक बँकवाला, एक न्यायाधीश, एक लष्करातला बडा अधिकारी, असे एकामागून एक तिच्या नादानं धुळीला मिळाले. पुरुष उठून दाराकडे निघाला की ती खुर्चीतून न हलता कुजबुजायची, "थांब ना जरा." शेवटी एक बारीकसं हसू. की संपला तो. हे तीन शब्द गावभर झाले. भाजीवाला गिऱ्हाइकाला म्हणायचा, पोरं कट्ट्यावर एकमेकांना म्हणायची. काकू शेजारून पिशवी घेऊन जात असायच्या आणि कुणाला पत्ता नसायचा.

घरी सासूबाई ही मालिका न चुकता बघायच्या. वयानं त्यांचे कान गेले होते. बारीक आवाज, उंच आवाज, कुजबुज, काहीच पोचायचं नाही. नोकरीला बाहेरगावी गेलेली नात फोनवर बोलली तर त्यांना नुसती चिवचिव. पोचायचा तो फक्त काकूंचा घरातला जाडाभरडा आवाज, ओरडावंही लागायचं नाही. म्हणून टीव्हीसमोर सासूबाई चित्र बघायच्या आणि काकू शेजारी बसून गोष्ट सांगायच्या. पाचूवालीला आवाज सुनेचा आहे हे म्हातारीला माहीत होतं, पण मान्य नव्हतं. "ती कुठं बोलते तुझ्यासारखी! नुसते ओठ हलवते मेली." पुरुष दाराशी थबकला की विचारायच्या, "काय म्हणाली गं?" काकू सांगायच्या, "काही नाही, चहा घेणार का विचारतेय." "चहाला एवढं लाडात यायचं कशाला?" म्हातारी करवादायची. "मरत कशी नाही ही सटवी!"

आणि एक दिवस सटवीचं मरण आलं. मालिकेचे शेवटचे भाग स्टुडिओत दाखल झाले.

आता या धंद्याची एक रीत आहे. किंकाळ्या, खोकला, रडणं, मरणं, हे सगळं दिवसाच्या शेवटी. आधी मेलात तर घसा बसतो आणि उरलेलं काम कोण करणार? म्हणून काकूंनी शेवटच्या भागातलं सगळं बोलून घेतलं आणि मरण तेवढं राखून ठेवलं. दुसरं म्हणजे इथं प्रत्येक जण एकेकटा बोलतो. ज्या कप्तानाला पाचूवाली दीड वर्ष नादी लावत होती, त्याला आवाज देणारे गृहस्थ काकूंनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. ते विम्याच्या कचेरीत आहेत आणि त्यांना दम्याचा त्रास आहे, एवढं फक्त बटणरावांकडून कळलं होतं. आपल्या वाट्याचे तुकडे तेवढे बघायचे, बोलायचे, घरी जायचं. मागचंपुढचं काही कळत नाही.

तर मरण तेवढं उरलं, आणि काकूंचा आवाज गेला. सकाळी उठल्या तर घशातून नुसती हवा. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि डोळे मोठे केले. "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर संपूर्ण मौन. एक शब्द नाही. ऐकलं नाहीत तर हा आवाज परत यायचा नाही, मग मला दोष देऊ नका." काकूंनी मान डोलावली. आवाज म्हणजे त्यांची भाकरी होती आणि म्हातारीचे कान होते. दोन्ही जाऊन चालणार नव्हतं.

घरात शुकशुकाट झाला. काकू लेकीच्या जुन्या पाटीवर लिहायच्या, सासूबाई चष्मा शोधायच्या, चष्मा सापडेपर्यंत भाजी करपायची. संध्याकाळी टीव्ही लावला की म्हातारी थोडा वेळ बघायची आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "सगळं जगच आजारी पडल्यासारखं वाटतंय." काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. दुसरं काय करणार?

त्यातच बटणरावांचा निरोप मोबाइलवर आला. "काकू, काही काळजी करू नका. तुमचं मरण मी उरकून टाकलंय. शांतपणे आराम करा." काकूंना इतकं भरून आलं म्हणता! बटणरावांकडे काकूंच्या आवाजांची एक पेटी होती, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हो. वर्षानुवर्षांचे उसासे, हसणी, खोकले, हुंदके, सगळं नावानिशी भरून ठेवलेलं. सर्दीबिर्दी झाली की त्यातलं एखादं चिकटवायचं. भल्या माणसानं काकूंचा घसा वाचावा म्हणून सगळं मरण पेटीतून जुळवलं होतं. आभार मानायला काकू केळ्यांची फणी घेऊन स्टुडिओत गेल्या.

"बघाच तुम्ही," बटणराव म्हणाले आणि त्यांनी प्रसंग लावला. कप्तानाच्या आवाजासकट, संगीतासकट. काकू तो पहिल्यांदाच अख्खा बघत होत्या.

हॉटेलातली खोली. टेबलावर दोन पेले. कप्तानाच्या पेल्यात पाचूवालीनं विष घातलंय. कप्तान विचारतो, "एकदा तरी खरं बोललीस का तू माझ्याशी?" ती त्याच्याकडे बघत राहते. मग हात पुढे करते, त्याचा पेला उचलते आणि स्वतःच पिऊन टाकते. त्याला कळतही नाही. तो टोपी उचलतो, दाराकडे निघतो. ती टेबलाची कड धरते, तोंड पांढरंफटक, आणि म्हणते, "थांब ना जरा." पेटीतलं. कुजबुजलेलं, लाडिक, शेवटी ते बारीकसं हसू. कप्तान मागं न बघता निघून जातो. दार लागतं. ती एकटी मरते.

"ओठ बघितलेत? तसूभर फरक नाही," बटणराव खुशीत म्हणाले. वळून बघतात तो काकूंच्या डोळ्यांत पाणी. आणि हे आभाराचं पाणी नव्हतं.

काकूंनी पाटी काढली. "पुन्हा करायचं," त्यांनी लिहिलं.

"काय पुन्हा? काकू, उद्या संध्याकाळी हे चॅनेलकडे जायचंय. आणि तुम्हाला बोलायचं नाहीये!"

काकूंनी पुसलं, परत लिहिलं. "आयुष्यात एकदा ती खरं बोलतेय. मी तिला खोटं पाडलं."

"तुम्ही नाही, मी पाडलं. आणि कुणाला कळतंय काकू?"

"कप्तान जातो ते बरोबरच वाटतं. लोक म्हणतील, गेली ब्याद."

बटणरावांनी प्रसंग परत लावला. परत लावला. मग डोकं खाजवत म्हणाले, "हं. वाटतं खरं तसं. पण तुमचा आवाज कायमचा गेला तर? तीन शब्दांसाठी? ती बाई खरी तरी आहे का?"

काकूंनी खडू इतका दाबला की तुटला. "तिचं मीठ खाल्लंय मी," त्यांनी लिहिलं, आणि पिशवी उचलून निघाल्या. पडद्याकडे बघून "येते हं" म्हणायची सवय, पण आज बघवलंच नाही.

घरी आल्यावर त्या कपडे इस्त्री करायला बसल्या. डोकं जड झालं की त्या इस्त्रीच करतात. आणि नवरा गेला ती सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तेव्हाही इस्त्रीच चालू होती. तो बॅग घेऊन दारापर्यंत गेला, तिथं क्षणभर घुटमळला. काकूंच्या ओठांवर आलं होतं, थांब. पण आपला हा घोगरा आवाज विनवण्या करायला लागला तर कसा ऐकू येईल, याची लाज वाटली. समोर ती साखरेच्या आवाजाची, आणि इथं हा फुटका भोंगा. त्या गप्प राहिल्या. इस्त्रीखाली त्याचाच शर्ट होता, तो करपला. मग तो सासूबाईंना म्हणाला, "आई, तूही तुझं सामान भर. ती करेल तुझं." सासूबाईंनी मान हलवली, नाही. का नाही, ते तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "तू पोरीला घे, भांडी मी घासते." त्या दिवसापासून मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही, ना चांगलं ना वाईट. काकूंनीही कधी विचारलं नाही, नसती खपली कशाला काढा?

पाचूवाली निदान बोलली तरी. आणि आपण तिच्या तोंडी उसनं हसू कोंबलं. काकूंना राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच काकू पाटी घेऊन पायरीवर. "तीन शब्द बोलायची परवानगी द्या."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर आठ्या घातल्या. "कुठले तीन शब्द?" काकूंनी लिहून दाखवले. डॉक्टरीणबाईंनी वाचले आणि पेनच खाली ठेवलं. "अगंबाई! तुम्ही पाचूवाली?" मग एकदम आवाज खाली आणून, "मरते का हो ती?"

काकूंनी मान डोलावली.

"अरेरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांना आपण डॉक्टर आहोत हे आठवलं. "हे बघा काकू, परवानगी मी देणार नाही. पण तुम्ही ऐकणाऱ्यातल्या दिसत नाही, म्हणून सांगून ठेवते. ती जी कुजबुज करता ना तुम्ही, ती अजिबात नाही. लोकांना वाटतं कुजबुजलं की घशाला आराम, पण उलट ताण येतो. हसणं नाही, श्वास ओढून बोलणं नाही. बोलायचंच असलं तर साधं, घरात बोलता तसं. एकदाच. दुसऱ्यांदा बोललात तर माझ्याकडे येऊ नका."

आता बघा, काकूंनी इतक्या बायांना आवाज दिला, पण घरातला आवाज माइकपुढं एकदाही काढला नव्हता. तो न्यूमोनियावाला आवाज, शेवटच्या रांगेतला, तो दाखवायचा असतो होय? रिक्षात बसल्या बसल्या काकूंनी पाटीवर ते तीन शब्द लिहिले आणि पुसले. एकदाच बोलायचं, तेही नागडं, काही साजशृंगार न करता. चुकलं तर पाचूवालीही गेली आणि कदाचित आपला घसाही.

बटणराव नको नको म्हणत होते, तरी माइक मात्र त्यांनी आधीच लावून ठेवला होता. काकूंनी बांगड्या काढल्या. एसी बंद झाला. काकूंनी खुणेनं सांगितलं, कप्तानाचं वाक्य कानात ऐकवा. बटणरावांनी ते हेडफोनमध्ये सोडलं. एकदा तरी खरं बोललीस का तू माझ्याशी? पडद्यावर त्यानं टोपी उचलली, पाठ फिरवली. ती टेबलाची कड धरून उभी. काकूंनी माइकच्या स्टँडला धरलं.

"थांब ना जरा."

भाजीत मीठ आहे का विचारावं इतकं साधं. शेवटच्या शब्दाला आवाज किंचित फाटला. त्यात विनवणी होती आणि त्या विनवणीची लाज नव्हती.

कप्तान निघून गेला. दार लागलं. बटणराव थांबवायचं बटण दाबायला विसरले आणि पुढच्या जाहिरातीची काळी जागा तशीच सरकत राहिली. मग ते काचेमागून बाहेर आले, रुमालानं नाक शिंकरलं आणि म्हणाले, "महामूर्ख आहे हा कप्तान. काकू, खोकला आणि पडणं पेटीतलंच राहू दे हं, नाहीतर डॉक्टरीणबाई मला सोलतील." काकूंनी दोन्ही हात जोडले. पडद्यावर थिजलेल्या त्या तोंडाकडे पाहिलं. म्हणायचं ते मनातच म्हटलं, पण म्हटलं, अगदी पोटापासून. बाई, तुझे फार उपकार आहेत.

मौन पुढे चालू राहिलं. शेवटचा भाग लागला तेव्हा महिना संपायला एकच दिवस उरला होता. काकूंनी टीव्हीचा आवाज नेहमीसारखा वाढवला. सासूबाई हल्ली बघायच्या नाहीत, पण आज त्या सटवीचा निकाल लागणार म्हणून खुर्ची ओढून बसल्या. संवाद काही ऐकू येत नव्हते. पेले दिसले, तिनं त्याचा पेला पिऊन टाकलेला दिसला. "अगं, ते विषाचं होतं ना? हिनंच घातलं ना मघाशी?" काकूंनी मान डोलावली. तो दाराकडे निघाला. आता ही नेहमीसारखे ओठ हलवणार म्हणून म्हातारी पाण्याचं भांडं उचलायला वाकली.

"थांब ना जरा."

सासूबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं, तर सुनेचं तोंड मिटलेलं. परत टीव्हीकडे पाहिलं. तिथं दार लागलं होतं आणि ती टेबलाला धरून हळूहळू खाली बसत होती.

"तू बोललीस," त्या म्हणाल्या. "ही तू बोललीस."

काकूंनी मान हलवली, हो.

म्हातारी पडद्याकडे बघत बसली. नावं वर सरकायला लागली, जाहिराती सुरू झाल्या, साबणाचा फेस झाला, गाड्या झाल्या. काकूंनी टीव्ही बंद केला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यानं थांबायला पाहिजे होतं गं."

काकूंना वाटलं, त्या कप्तानाबद्दल म्हणताहेत.

"मला वाटायचं, तू काही बोलली नाहीस, म्हणजे तुला एवढं लागलं नसेल," म्हातारी म्हणाली. "माझाच मुलगा, मी काय बोलणार? पण चुकला तो. त्या सकाळी थांबायला पाहिजे होतं त्यानं."

बोलायची मोकळीक उद्यापासून होती. पाटी टेबलावर होती, खडूही शेजारीच होता. काकू उठल्या, सासूबाईंच्या खुर्चीपाशी खाली बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते तीन शब्द सोडले तर महिनाभर न वापरलेला तो आवाज आधी अडकला, मग आला, तसाच जाडाभरडा, घरातला.

"आई, तुम्ही थांबलात ना."

सासूबाईंना ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं.